कवडी नाचायची थांबली

किन्हवली सोडून सरळगावच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक ठाकूरपाडा लागतो. पाड्यात तीसेक घरं. त्यांतल्या बहुतेकांनी घोडा पाहिला तो म्हसा गावच्या जत्रेत, तोही लांबूनच. अशा पाड्यात त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात धाऊ एक पांढरी घोडी घेऊन चालत आला, तेव्हा पोरंबाळं, म्हातारेकोतारे, झाडून सगळे बघायला जमले. धाऊची बायको बाईजा तेवढी हात कमरेवर ठेवून दारातच उभी राहिली.

"मी तुला बैल आनायला सांगितला व्हता," ती म्हणाली. "बरा झाला गाय नाय सांगितली. हत्ती घेऊन आला असतास."

धाऊने वयाच्या सोळाव्या वर्षी पाडा सोडला होता आणि माथेरानला लोकांच्या घोड्यांचे लगाम धरून तांबड्या धुळीत अठरा वर्षं काढली होती. घोडा चालायचा, पाहुणा वर बसायचा आणि धाऊ बाजूने पळायचा. ही घोडी त्याच्या मालकाने त्याच्या गळ्यात मारली, असं म्हणायला हरकत नाही. तिच्या पाठीवर, नेमका खोगिराखाली झाकला जाईल असा केसांचा एक भोवरा होता, आणि असला भोवरा मालकाला बुडवतो अशी घोडेवाल्यांची समजूत. धाऊने विचार केला, माझ्याकडे बुडण्यासारखं आहे काय? त्याने घोडी घेतली, तिचं नाव कवडी ठेवलं आणि दोन मुक्काम करत घरी आणली. एवढा आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. हे तो बाईजासमोर बोलला, आणि ते त्याला पुढे बरीच वर्षं ऐकावं लागलं.

त्या सुमाराला शहापूर-मुरबाडकडच्या नवऱ्यांना घोड्याचं वेड लागलं होतं. बाप बैलगाडीतून आला असेल, आजा पायी आला असेल, पण पोराला घोडाच हवा. वाशिंदला कारखाने आले, नव्या इमारती आल्या, आणि तिथली लग्नं तर घोड्याशिवाय हलेनात. धाऊचा धंदा बरा चालला. अडचण एकच होती. पाड्यावर कवडीला ठेवायला जागा नव्हती. घरामागे चार हात अंगण, पुढे भाताचं एक टीचभर खाचर, बाकी सगळं जंगलखात्याचं. आणि लग्नं होती तिकडे वाशिंदला.

मग शाम भेटला. वाशिंदला त्याचा म्हशींचा तबेला होता आणि दोन घोडेही होते. माणूस गोलमटोल, हसरा, तोंडात कायम पान. लग्नांची कामं धरण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"घोडी माझ्याकडे टाक," शाम म्हणाला. "गवत, पाणी, चंदी, खरारा, सगळं माझी माणसं बघतील. तू फक्त लग्नाच्या दिवशी फेटा बांधून यायचं नि लगाम धरायचा. मिळेल त्यात माझा वाटा. तुला काय बघायला नको."

काही बघायला नको, हे ऐकायला किती गोड वाटतं! धाऊ हो म्हणाला. आणि खरं सांगायचं तर शामने शब्द पाळला. जागा स्वच्छ, वर पत्रा, हरभऱ्याची चंदी वेळेवर, कधी कुणी घोडीवर काठी उचलली नाही. कवडी गुटगुटीत झाली, अंगावर चकाकी आली. फक्त लग्न नसेल त्या दिवशी ती दावणीला, भिंतीकडे तोंड करून उभी असायची. सकाळी उभी, दुपारी उभी, संध्याकाळी उभी.

शहाण्णवच्या वैशाखात वाशिंदच्या एका वरातीत ती पहिल्यांदा नाचली. वरात थांबली होती, बँडवाले गाणं बदलत होते. इतक्यात कवडी उभ्या जागी डुलायला लागली. मान डावीकडे, उजवीकडे, मग सगळा पुढचा भार एकदा या पायावर, एकदा त्या. वरचा नवरदेव मुंडावळ्या सावरत खोगिराला चिकटला. बँडवाल्याने ते पाहिलं आणि तिच्या तालावर ढोल धरला. मग काय विचारता! लोकांनी शिट्ट्या मारल्या, नोटा ओवाळल्या, नवऱ्याच्या मामाने रस्त्यात बसकण मारून नागीण केली.

महिन्याभरात वाशिंदपासून मुरबाडपर्यंत बोभाटा झाला की शामच्या तबेल्यात नाचणारी घोडी आहे. लोक मुहूर्त नंतर काढायचे, आधी घोडी मोकळी आहे का विचारायचे. धाऊही हरभऱ्याच्या झाडावर चढला. त्याने लाल रेशमी झब्बा शिवला, मिशांना पीळ दिला. कुणी विचारलं, "धाऊ, शिकवलीस कशी रे?" तर तो गूढ हसायचा. शिकवलं त्याने काहीच नव्हतं. घोडीच्या अंगातच कला आहे असं त्याला मनापासून वाटत होतं.

दोन वर्षं अशी गेली. मग अठ्ठ्याण्णवच्या पौषात, लग्नं बंद असताना, धाऊ एकदा भर दुपारी तबेल्यात गेला. त्याने कवडीच्या तोंडावर बांधायला काथ्याच्या दोरीचा नवा मोरखा वळला होता. तबेल्यात सामसूम होती. म्हशी रवंथ करत होत्या, माणसं जेवायला गेली होती. धाऊ मागच्या बाजूने आला आणि जागच्या जागी थबकला.

कवडी नाचत होती. ना बँड, ना वरात, ना माणूस. समोर भिंत, आणि ती डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे डुलत होती. डोळे उघडे होते पण कशाकडे बघत नव्हते. तिच्या पुढच्या खुरांखालची जमीन झिजून दोन खळगे पडले होते. असे खळगे एका दिवसात पडत नाहीत, एका महिन्यातही पडत नाहीत. धाऊने हाक मारली तेव्हा ती थांबली, कान हलवले, आणि परत डुलायला लागली.

माथेरानला त्याने असा एक घोडा पाहिला होता. एका बंगलेवाल्याचा होता, वर्षभर कोंडलेला. तो असाच डुलायचा, आणि दोन पावसाळ्यांत त्याचे पुढचे पाय गेले. एकदा बसला तो परत उठला नाही. धाऊने वाकून कवडीच्या पुढच्या गुडघ्यांवर हात फिरवला. दोन्ही सुजलेले होते, तव्यासारखे गरम. माणसांनी ज्यावर नोटा ओवाळल्या आणि आपण ज्यावर मिशा पिळल्या तो नाच नव्हता, हे त्याला त्या क्षणी कळलं. त्याला स्वतःची एवढी लाज वाटली की नवा मोरखा तिच्या तोंडावर चढवायचाही धीर होईना. तो तिथेच गवतावर बसला आणि रडला.

शाम जेवून आला. त्याला धाऊने सगळं सांगितलं.

"अरे, पण खायला घालतो ना मी?" शामला खरोखरच वाईट वाटलं. "चंदी वाढवू का?"

"चंदी नको, शामशेट. तिला हिंडायला पायजे. मी घेऊन जातो."

"घेऊन जा. पौषात तसंही काम नाय. माघ-फाल्गुन मी माझ्या घोड्यांवर निभावतो. पण वैशाखात सरळगावचं मोठं लग्न धरलंय, नाचणारी घोडी म्हणूनच धरलंय. तिथे ती नाचली पायजे, नायतर माझं तोंड काळं. नाय नाचली तर परत इथे आण, नाय तर म्हशाच्या जत्रेत विकून टाक. नुसत्या चालणाऱ्या घोडीला कोण विचारतो?"

धाऊने मान डोलावून शब्द दिला. कवडीला घेऊन तो पाड्यावर आला, आणि खरी कठीण गोष्ट पुढेच होती. तिला मोकळं सोडायचं कुठे?

जागा काय कमी होती? रस्त्याच्या दोन्ही अंगांना वरकस माळ पसरले होते. गवत कापून झालेलं, माळ मोकळे, मालक घरी बसलेले. धाऊ एकेकाकडे गेला. महिन्याला भाडं देतो, पावसाळ्याआधी उठतो, म्हणाला. कुणी हसलं, कुणी विषय बदलला. एकाने तर भाडं हा शब्द ऐकल्यावर दार लावून घेतलं. शेवटी तो धोंडीबाईकडे गेला.

धोंडीबाई म्हणजे पाड्याच्या खालच्या गावातली सत्तरीची विधवा. मुलगा कल्याणला नोकरीला. ओढ्यापासून टेकाडापर्यंत तिची जमीन, खाली भाताची खाचरं, वर माळ. बाई सुपारी कातरत ओटीवर बसायची आणि सगळ्या गावाची खबर ठेवायची.

"भाडा घेऊ?" ती म्हणाली. "येडी समजलास मला? भाडा घेतला का तू कूळ झालास. कूळ झालास का सातबाऱ्यावर तुझा नाव."

"मावशी, मला जमीन काय करायचीय? घोडीला नुसती मोकळी जागा पायजे."

"माझा सासरा पन सावकाराला असाच बोललेला," धोंडीबाई शांतपणे म्हणाली. "मला जमीन काय करायची, नुसता कसून खातो. सावकार खंड घेत बसला. मग कायदा आला, नि ही सगळी जमीन आमची झाली. मी काय त्यातून काय शिकली नाय?"

ज्याने चोरवाट वापरली त्यालाच ती बुजवायची अक्कल असते. धाऊ म्हणाला, मग फुकट द्या, भाडं घेऊ नका. तर म्हणे, फुकट दिली तर उद्या वहिवाट सांगशील. घेणंही नाही, देणंही नाही, नुसती सुपारी कातरणं चाललं होतं. धाऊ उठला. कवडी अंगणाबाहेर बाभळीला बांधली होती आणि तिथेही ती डुलत होती.

धोंडीबाईने तिच्याकडे पाहिलं. "तिला काय झालाय? देवी आलीय काय अंगात?"

"नाय मावशी. उभी राहून राहून डोकं फिरलंय तिचं."

म्हातारीने अडकित्ता खाली ठेवला आणि घोडीपलीकडे नजर टाकली. शेजारच्या खाचरात धनगर मेंढरं घेऊन उतरले होते. दिवाळीनंतर घाट उतरून ते दरवर्षी येतात. शेतकरी त्यांना बोलावून आपल्या शेतात मेंढरं बसवतात, म्हणजे लेंडीखत पडतं, आणि त्याबद्दल धनगरालाच भात देतात. जनावर दुसऱ्याच्या जमिनीत राहतं आणि मोबदला जनावरवाल्याला मिळतो, असा हा जुना व्यवहार आहे.

"मेंढरावाला कधी कूळ झालाय काय रे?" धोंडीबाईने एकदम विचारलं.

"नाय बा."

"मग तुझी घोडी मी बसवते. महिन्याला दोन पायली भात तुला देईन. रातचा खुंटा दर आठ दिवसांनी हलवायचा, सगल्या खाचरांत लीद पडली पायजे. दिवसा माळावर हिंडू दे. आनि भात चार मानसांच्या समोर घ्यायचा. कोन कोनाला देतो, ते गावाला दिसला पायजे."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, म्हणतात ना, तसं झालं. भाडं द्यायला गेलेला धाऊ भाडं घेऊन आला. बाईजाचा विश्वासच बसेना. दर अमावास्येला धाऊ मारुतीच्या देवळापुढे पोतं पसरायचा आणि चार म्हाताऱ्यांच्या साक्षीने मान खाली घालून दोन पायली भात घ्यायचा. त्याला ते फार लागायचं. भरपाई म्हणून तो कुणी न सांगता म्हातारीचे पडलेले बांध घालून द्यायचा, आणि ती ओटीवरून ओरडायची, "बांध घालू नकोस रे, कसनारा ठरशील!"

आणि कवडी? पहिले आठ दिवस धाऊला वाटलं, उशीर झाला. सबंध माळ मोकळा असताना ती एका जागी उभी राहून डुलायची. चाललीच तर चार पावलं जायची आणि तिथे भिंत असल्यासारखी वळायची. त्याने लगाम न धरता तिच्यापुढे चालायला सुरुवात केली. सकाळी ओढ्यापर्यंत, संध्याकाळी टेकाडापर्यंत. चार पावलांवर ती थांबायची, धाऊ थांबायचा, ओंजळीत हरळी घेऊन हाक मारायचा. एक दिवस ती पाच पावलं आली.

माघ सरता सरता ती ओढ्यावर एकटी जाऊन पाणी पिऊन येऊ लागली. होळीच्या आदल्या दिवशी तिने भर माळावर अंग टाकलं. धाऊला वाटलं, संपलं, पाय गेले. तो धापा टाकत धावला, तर कवडीबाई चारी पाय वर करून धुळीत लोळत होत्या. मग उठली, अंग झटकलं आणि टेकाडावर उधळली. गुडघ्यांची सूज उतरली होती. ती उभी राहिली तरी आता नुसती उभी राहायची. धाऊने दिवसभर तिच्यावर नजर ठेवली, एकदाही डुलली नाही. त्या संध्याकाळी त्याने बाईजाला सगळं तीन वेळा सांगितलं, आणि बाईजाने तीनही वेळा ऐकलं.

आणि मग वैशाख आला.

सरळगावचं लग्न मोठं होतं. दुपारी साडेबाराचा मुहूर्त, नवऱ्याचं नाव किशोर, बाप गावातला वजनदार माणूस. शाम स्वतः सफारी घालून आला होता. धाऊ रात्रभर झोपला नव्हता. त्याला माहीत होतं की कवडी नाचणार नाही, आणि नाही नाचली तर ती परत त्या भिंतीपुढे जाणार. शब्द त्यानेच दिला होता. वाटेत एकदा त्याच्या मनात पापही आलं, की देवा, आज एकदाच तिला डुलू दे. मग त्याने स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

वरात निघाली. कवडी झुलीखाली कशी ऐटीत चालली होती! एस्टी स्टँडासमोर बँड थांबला, रिवाजाप्रमाणे गाणं बदललं, लोक कडं करून उभे राहिले. सगळे घोडीकडे बघत होते. कवडीने बँडकडे पाहिलं, एक कान हलवला आणि निवांत उभी राहिली.

"नाचव की रे!" कुणीतरी ओरडलं.

ढोल वाढला. कवडीने शेपटीने माशी मारली. लोक हसायला लागले. किशोरचा बाप कडं फोडून पुढे आला.

"काय रे, घोडी नाचत का नाही? आजारी आहे का?"

"नाय साहेब," धाऊ म्हणाला. "आजारी व्हती तवा नाचत व्हती. आता बरी झालीय."

"मला शिकवतो? नाचता येईना अंगण वाकडं! शाम, कुठाय नाचणारी घोडी?"

शामने कपाळाचा घाम पुसला. त्याने धाऊकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ धाऊला कळला. संपलं. आज संध्याकाळी कवडीला वाशिंदला न्यायचं.

धाऊने काय केलं ते त्याने ठरवून केलं नाही. त्याने लगाम शामच्या हातात दिला, पायातल्या वहाणा काढल्या, लाल झब्बा कमरेत खोचला आणि कवडीच्या पुढ्यात उभा राहून ओरडला, "नाच पायजे ना? मी नाचतो!"

आणि तो नाचला. सिनेमातला नाच त्याला येत नव्हता. त्याला येत होता तो गौरीच्या दिवसांत ठाकूर रात्ररात्र नाचतात तो नाच, गुडघे वाकवून, जमिनीला टाच मारत, गोल गिरक्या घेत. ढोलवाला क्षणभर गोंधळला, मग त्याने ठेका बदलला. उन्हाने डांबर वितळत होतं. धाऊ एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, पुढे जाऊन मागे, नाचतच राहिला. आधी लोक हसत होते. मग टाळ्या पडू लागल्या. कडेला भाजी विकायला बसलेल्या दोन ठाकरणी पाट्या टाकून त्याचे हात धरून नाचू लागल्या. किशोरचा मित्रपरिवार आला. शेवटी वजनदार बापालाही त्याच्या मेव्हण्यांनी ओढला आणि तो टाच मारायला शिकू लागला. या सगळ्याच्या मागून कवडी शांतपणे एकेक पाऊल टाकत आली, आणि मुंडावळ्या न सावरता ताठ बसून मांडवापर्यंत आलेला किशोर हा त्या भागातला गेल्या दोन वर्षांतला पहिला नवरदेव असावा.

मांडवाच्या दारात नवरीची आजी तांब्या घेऊन उभी होती. नवरा उतरायच्या आधी घोडीच्या पायांवर पाणी घालायचं असतं. म्हातारीने कवडीच्या खुरांवर पाणी घातलं, गूळ-हरभरा दिला. मग तिचं लक्ष धाऊच्या पायांकडे गेलं. तळव्यांना फोड आले होते, दोन फुटले होते. उरलेलं सगळं पाणी तिने धाऊच्या पायांवर ओतलं. आयुष्यभर घोड्यांच्या बाजूने पळणाऱ्या त्या पायांवर आजवर कुणी पाणी घातलं नव्हतं. धाऊला हुंदका आवरेना.

शाम मागे उभा होता. "अरे, तीन जणांनी विचारलं मला," तो म्हणाला. "म्हणे तो नाचणारा घोडेवाला मिळेल का?" आणि मग पान गालात सारून, जरा खाली बघत, "घोडी राहू दे तुझ्याकडेच."

परतीची वाट सुरू झाली आणि धाऊच्या लक्षात आलं की आपल्याला चालता येत नाही. फोडांवर वहाण चढेना. तो रस्त्याच्या कडेला बसला. इतक्या वर्षांत तो कवडीवर एकदाही बसला नव्हता. घोडं दुसऱ्यांसाठी असतं, आपण लगाम धरायचा, हे त्याच्या हाडीमाशी मुरलं होतं. कवडीने मान खाली करून त्याच्याकडे पाहिलं. शेवटी तो एका दगडावर चढला, चोरासारखा इकडेतिकडे बघितलं, आणि बसला.

उन्हं कलताना पाड्यावरच्या पोरांनी पांढऱ्या घोडीवर लाल झब्बा आणि फेटा बघितला आणि "नवरा आला, नवरा आला" म्हणत कल्ला केला. बाईजा दारात आली. धाऊ लाजून उतरायला गेला, पण पाय टेकवेनात, म्हणून तसाच वर बसून राहिला.

"शाम काय बोलला?" बाईजाने आधी तेच विचारलं.

"ऱ्हायली," धाऊ म्हणाला. "आपल्याकडंच ऱ्हायली."

बाईजाने डोळ्यांना पदर लावला. मग आत जाऊन तांब्या भरून आणला.

"थांब, उतरू नको," ती म्हणाली. "आपल्या लग्नात तू चालत आला व्हतास."